पाठचे भावंड
(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



पालक मेळाव्यात शिक्षकाने काय बोलावे हे आता जवळजवळ ठरूनच गेले आहे. अभ्यास, हजेरी, गणवेश, परीक्षेतले मार्क. या सर्व विषयांवर माझ्या आधीच्या वक्त्यांनी पुष्कळ आणि चांगले सांगितले. तेवढ्या वेळात समोरच्या काही चिमुकल्यांनी सभागृहाला दोन फेऱ्या मारल्या, एकाने माईकची वायर ओढून पाहिली, आणि मागच्या रांगेतल्या एका बाईंच्या मांडीवरच्या तान्ह्या बाळाला त्याची मोठी बहीण हळूच चिमटा काढत असताना मी स्वतः पाहिले. म्हणून अध्यक्षांच्या परवानगीने मी आज शाळेत न आलेल्या मुलांविषयी बोलणार आहे. त्यातही दोन ते चार वर्षांच्या त्या मुलाविषयी, जे कालपर्यंत घरात एकटेच राजा होते आणि ज्याला आज कोणी तरी कापडात गुंडाळलेले एक गाठोडे दाखवून "हा तुझा भाऊ" असे सांगितले आहे.

मराठीत या नव्या पाहुण्याला फार चांगला शब्द आहे. आपण 'पाठचा भाऊ', 'पाठची बहीण' म्हणतो. तो पाठीवर येतो. पाठीवर आलेल्याचे ओझे कोणाला जाणवते, हे शब्दानेच सांगून टाकले आहे.

माझ्या घरचेच उदाहरण देतो. आमची मोठी मुलगी पावणेतीन वर्षांची असताना तिच्या पाठीवर मुलगा झाला. पहिले बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झाले होते, दुसरे इथे सोलापुरातच झाले. त्यामुळे सारा सोहळा बाईसाहेबांच्या डोळ्यांदेखत पार पडला. दवाखान्यात तिला खाटेवर उचलून बसवले, बाळ दाखवले. तिने त्याचे हात पाहिले, पाय पाहिले, तोंड उघडून दात आहेत का तेही पाहिले. दात नाहीत असे ठरल्यावर तिची निराशा झाली. मग तिने आपल्या दादीला शांतपणे सांगितले, "देख लिए ना? अब जिसका है उसकू दे डालो." आम्ही सारे हसलो. ती हसली नाही. तिने व्यवहाराची गोष्ट सांगितली होती.

घरी आल्यावर खरा खेळ सुरू झाला. आमच्याकडे, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी, जुन्या साडीची झोळी आढ्याच्या कडीला बांधतात. बाळ दुपारी अम्मीजवळ झोपले की झोळी रिकामी. एके दिवशी झोळी हलताना दिसली म्हणून दादीने झोका दिला. झोळी नेहमीपेक्षा जड लागली. वाकून पाहते तो आत आमची कन्या, गुडघे पोटाशी घेऊन, अंगठा तोंडात घालून पडलेली. "मी बाळ आहे, माझ्याशी बोलू नका, मला बोलता येत नाही," असे तिने स्पष्ट शब्दांत सांगितले.

बोलता येत नाही म्हणून ती खरोखरच बोबडे बोलू लागली. चड्डी ओली होणे बंद होऊन आठ महिने झाले होते, ते पुन्हा सुरू झाले. स्वतःच्या हाताने भाकरी कुस्करून खाणारी मुलगी आता भरवल्याशिवाय तोंड उघडेना. बाळाला तेल लावले की ही पाटावर आडवी. बाळाला शेक दिला की ही पोट उघडे टाकून पुढे. बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू तर तिने असा मोठा दावा सांगून खाल्ले की आम्हांला नकार देता आला नाही. ती म्हणाली, मलाही बाळ झाले आहे. कुठे आहे, असे विचारल्यावर तिने भावाकडेच बोट दाखवले. लाडवापुरता तो तिचा होता.

सातव्या दिवशी अकीका झाला. बाळाचे जावळ काढले, केसांच्या वजनाची चांदी खैरात करायची म्हणून केस कागदात ठेवले. न्हाव्याचे काम संपत आले तेव्हा आमच्या बाईसाहेब त्याच्यासमोर मान खाली घालून बसल्या. तिला कसेबसे उठवले तर म्हणते, माझे केस जास्त आहेत, चांदी पण जास्त. पुढच्या आठवड्यात आशाताई ताणकाटा घेऊन बाळाचे वजन करायला आल्या, तेव्हाही तोच प्रकार. बाळाला काट्याच्या कापडी झोळीत टांगलेले पाहून हिने घर डोक्यावर घेतले. त्या बाई समजूतदार होत्या. त्यांनी हिला काट्याला हात लावू दिला आणि "तुझं वजन या काट्यात मावत नाही, तू मोठी आहेस" असे सांगितले. काटा लहान पडला, या गोष्टीचा तिला दोन दिवस अभिमान वाटत होता.

आता गल्लीत जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण येते, ती आपणां सर्वांना माहीत आहे. एका दुपारी तिची हाक आली. घरातली मोठी माणसे झोपलेली. आमच्या मुलीने बाळाची दुपटी, लंगोट, टोपडी असे सगळे एका चादरीत बांधले आणि ते गाठोडे ओढत उंबऱ्यापर्यंत नेले. बोहारणीने विचारले, बाळाचे कपडे देतेस तर बाळ काय घालील? त्यावर उत्तर असे मिळाले की बाळही घेऊन जा, मला एक छोटा गिलास दे. बोहारीण अजून येते, आणि आली की त्या गिलासाची आठवण काढून हसते.

पण सर्वांत सूक्ष्म काम तिने चपलांचे केले. बाळाला पाहायला पाहुणे येऊ लागले. येणारा प्रत्येक जण दारातूनच "कुठे आहे आमचा हीरो" म्हणत थेट पाळण्याकडे जाई, कौतुक करी, मोबाइलवर फोटो काढी. फोटोच्या चौकटीत ही मधेच तोंड घाली, तर तिला बाजूला सरकायला सांगत. काही दिवसांनी असे व्हायला लागले की निघताना पाहुण्यांची एक चप्पल सापडेना. कधी ती मोरीत निघे, कधी कुंडीमागे. दादीने लक्ष ठेवले तेव्हा उलगडा झाला. जो पाहुणा आधी हिच्याशी बोलला, तिच्या हातात बिस्कीट दिले, त्याच्या चपला उंबऱ्याशी नीट जोडून ठेवलेल्या असत. जो सरळ बाळाकडे गेला, त्याची एक चप्पल गायब. एवढा चोख न्याय मोठ्या माणसांनाही जमत नाही.

मंडळी, या गोष्टी ऐकून आपण हसलात याचे मला समाधान आहे. प्रत्येकाला आपापल्या घरचे काही तरी आठवले असणार. परंतु याच वागण्याबद्दल कितीतरी मुलांना घरात चापट बसते. "एवढी घोडी झालीस आणि चड्डी ओली करतेस?" हे वाक्य मी शेजारीपाजारी अनेकदा ऐकले आहे. आणि चापटीपेक्षाही वाईट म्हणजे थट्टा. "आता तुझे काय, आता अम्मी त्याची झाली, तुला नानीकडे पाठवून देणार." बोलणाऱ्याला ती गंमत वाटते. ऐकणाऱ्याचे वय तीन वर्षे असते आणि त्याला ती बातमी वाटते.

मूल असे का करते, हा प्रश्न फार जुना आहे. हजरत यूसुफ यांच्या भावांची गोष्ट आपण सारे जाणतो. अब्बांचे प्रेम त्याच्यावर जास्त, एवढ्या एका समजुतीपायी सावत्र भावाला विहिरीत टाकले गेले, आणि ते सारे कर्तेसवरते पुरुष होते. सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टीन नावाच्या ख्रिस्ती पंडिताने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की अजून बोलताही न येणारे एक मूल, आपल्याबरोबर दूध पिणाऱ्या दुसऱ्या बाळाकडे पांढरेफटक पडून रोखून पाहत होते. ही नोंद वाचल्यावर मला ते मूल आपल्याच गल्लीतले वाटले.

उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या चार्ल्स डार्विनचे नाव विद्यार्थ्यांनी विज्ञानाच्या पुस्तकात वाचले आहे. त्याने आपल्या पहिल्या मुलाच्या बाळपणाची टिपणे ठेवली होती आणि ती पुष्कळ वर्षांनी, १८७७ मध्ये, 'माइंड' या नियतकालिकात छापली. हा मुलगा १८३९ च्या डिसेंबरात जन्मला आणि १८४१ च्या मार्चमध्ये त्याच्या पाठीवर बहीण आली. डार्विन लिहितो की मुलगा साडेपंधरा महिन्यांचा असताना, आपण एका मोठ्या बाहुलीला कुरवाळले तेव्हा आणि त्याच्या तान्ह्या बहिणीचे वजन केले तेव्हा, त्याचा मत्सर उघड दिसून आला. वजनाची ही नोंद मी वाचली तेव्हा मला आशाताईंचा काटा आठवला आणि फार हसू आले. लंडनमधले घर आणि सोलापुरातले घर यांत त्या वयाला काहीच फरक नाही.

पुढे व्हिएन्नाचे डॉक्टर आल्फ्रेड अॅडलर यांनी या पहिल्या मुलाला गादीवरून उतरवलेल्या राजाची उपमा दिली. अॅडलर स्वतः भावंडांत दुसरे होते, तेव्हा त्यांनी ती गादी दुसऱ्या बाजूने चांगली निरखली असणार. मला या उपमेत एक उणीव दिसते. उतरवलेला राजा निदान राज्य सोडून जाऊ शकतो. आपले मूल जाणार कोठे? त्याला त्याच घरात, त्याच अम्मीजवळ, रोज आपल्या गादीवर दुसऱ्याला पाहत राहायचे असते. मग ते विचार करते की हा नुसता रडतो, लंगोट ओले करतो, त्याला बोलता येत नाही, तरी सारे त्याच्याभोवती असतात. म्हणजे जागा मिळवण्याचा रस्ता हाच दिसतो. बोबडे बोलणे, झोळीत शिरणे, चड्डी ओली करणे ही या हिशेबाची उत्तरे आहेत. तीन वर्षांच्या डोक्याला यापेक्षा चांगला हिशेब सुचणे कठीण आहे.

इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक या दोन संशोधक बाईंनी चाळीस कुटुंबांच्या घरी जाऊन, दुसरे मूल होण्याच्या आधीपासून निरीक्षण केले. त्यांचे पुस्तक १९८२ मध्ये निघाले. आई बाळाला दूध पाजायला बसली की थोरल्याच्या खोड्या वाढतात, हे त्यांना दिसले. पण त्याचबरोबर हेही दिसले की तीच मुले त्याच दिवसांत काही बाबतींत मोठीही होतात, कोणी स्वतःचे स्वतः जेवू लागते, कोणी कपडे घालू लागते. आणि ज्या घरांत आई बाळाविषयी थोरल्याशी एखाद्या माणसाविषयी बोलावे तसे बोलत असे, म्हणजे त्याला भूक लागली असेल का, तो का रडतो आहे, तुला काय वाटते, त्या घरांत पुढे दोघांचे चांगले जमले. याला पैसा लागत नाही. आमच्या घरी मुलीच्या अम्मीने हे पुस्तक न वाचताच हेच केले. बाळ रडू लागले की ती आधी मोठीला विचारी, "काय म्हणतो गं हा?" आणि आमची कन्या गंभीरपणे अर्थ सांगे. बहुतेक वेळा अर्थ असा निघे की त्याला बिस्कीट हवे आहे, आणि त्याला दात नसल्यामुळे ते तिलाच खावे लागेल.

दुभाष्याची ही नोकरी मिळाल्यावर चपला हरवणे बंद झाले. पूर्ण नाही, पण बरेचसे.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. थोरल्याचे प्रेमही धोक्याचे असते. एकदा आमच्या मुलीने दीड महिन्याच्या भावाच्या तोंडात शेंगाचटणी लावलेला भाकरीचा तुकडा घातला. तिला जे सर्वांत आवडते तेच तिने दिले होते. दादी जवळ होती म्हणून बरे. गालाचा पापा घेता घेता दाबणे, मिठी मारता मारता अंगावर पडणे, हे या वयात घडतेच. दोघांना एकटे सोडू नये, आणि सोडले नाही म्हणजे मग ओरडण्याचीही वेळ येत नाही.

अब्बा लोकांनी हे दिवस आपले समजावेत. अम्मी बाळात गुंतलेली असते, तेव्हा थोरल्याला बाहेर नेणारा माणूस घरात एकच असतो. कंबर तलावावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात, ते फुकट पाहायला मिळतात. मुलीला सायकलवर पुढे बसवून मी तिकडे नेत असे. तिथे ती बाळाचे नाव काढत नसे, आणि मीही काढत नसे. आणि एक काम करू नये. बाळ घरी आले त्याच आठवड्यात थोरल्याला नानीकडे धाडणे, किंवा त्याच आठवड्यात त्याला बालवाडीत घालणे. आपली सोय होते, परंतु मुलाला त्याचा अर्थ एकच लागतो.

येथवर हसण्याचे झाले. आता एक शब्द सांगतो, ज्याने मला हसू आले नाही. 'क्वाशिऑरकॉर'. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हा प्रथिनांच्या अभावाने होणारा रोग म्हणून माहीत आहे. पाय सुजतात, पोट पुढे येते, केसांचा रंग उडतो, मूल हसत नाही. आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घाना देशात, सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी या रोगाचे वर्णन केले आणि १९३५ मध्ये तेथील 'गा' भाषेतलेच नाव वैद्यकीय जगाला दिले. तेथील आया सांगत की पाठीवर दुसरे मूल आले की पहिल्याला होणारा हा आजार आहे. अंगावरचे दूध एकदम तुटे आणि त्या जागी नुसती मक्याची पेज मिळे. एका जमातीने रोगाच्या नावातच थोरल्याची कहाणी साठवून ठेवली होती. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायाही म्हणतात की दुसऱ्याची चाहूल लागली की पहिले वाळायला लागते. त्यांचे निरीक्षण खोटे नाही, त्यामागे चाहूल नसून ताट असते. दूध कमी पडले की पहिल्याचा पेला अर्धा होतो, आणि पहिली मुलगी असली तर तो आधी अर्धा होतो. डाळ, अंडे, मूठभर शेंगदाणे, हे तीन वर्षांच्या मुलाच्या ताटातून त्या वर्षी तरी कमी होता कामा नये.

आणि हीच थोरली मुलगी पुढे काय होते, हे मला हजेरीपटावर दिसते. तिसरीत, चौथीत एखादी हुशार मुलगी सोमवारी गैरहजर, बुधवारी गैरहजर, मग आठवडाभर नाही. चौकशी करावी तर घरचे उत्तर ठरलेले, "भाऊ लहान आहे, सर." आपल्या शहरात हजारो बाया विडी वळून घर चालवतात. तेंदूची पाने कापायची, तंबाखू भरायचा, दोरा गुंडाळायचा, हजाराचा हिशेब पुरा करायचा, त्यात तान्ह्याकडे पाहणार कोण? ज्या मुलीला पाच वर्षांपूर्वी "तू मोठी झालीस" म्हणून समजावले होते, तिला आता खरोखरच मोठी करून टाकतात. ती भावाला कडेवर घेऊन दारात उभी असते आणि शाळेकडे जाणाऱ्या मैत्रिणींना पाहते. लोक तिला शहाणी म्हणतात. मला त्या शहाणपणाची भीती वाटते. त्या अम्मीला मी दोष देत नाही. तिच्यापुढे दुसरा मार्ग आपण ठेवलेला नाही.

हा मार्ग महाराष्ट्रात पूर्वी शोधला गेला आहे. ताराबाई मोडक १९४५ मध्ये मुंबई सोडून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, आणि अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांत काम केले. मोठी मुले शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटी असतात, हे त्यांना दिसले. तेव्हा त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. बहिणीने भावाला घेऊनच यावे, त्याला एका खोलीत ठेवावे आणि स्वतः दुसऱ्या खोलीत शिकावे. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारची अंगणवाडी योजना सुरू झाली आणि आज ती गल्लीगल्लीत आहे, पण तिच्या वर्गात तीन वर्षांपुढची मुले बसतात. कडेवरचा भाऊ दीड वर्षाचा असतो. तो कोठे बसणार?

मी सेक्रेटरी साहेबांना हा प्रश्न गेल्या महिन्यात विचारला होता. त्यांनी मुलींच्या विभागामागची, जुनी बाके ठेवलेली खोली पाहण्यास सांगितले. ती मी आणि आमच्या दोन शिक्षिकांनी पाहिली. खोलीला दोन खिडक्या आहेत, नळ जवळ आहे, आढ्याला तीन मजबूत कड्या आहेत, म्हणजे तीन झोळ्यांची सोय आजच झालेली आहे. बाके हलवायला दहावीची मुले तयार आहेत. लागतील त्या गोष्टी म्हणजे दोन चटया, एक झाकणाचा हंडा आणि आळीपाळीने बसणाऱ्या चार बाया. ज्या दादी-नानींना दुपारी वेळ असतो त्यांनी आपली नावे आज जाताना शिपायाजवळच्या वहीत लिहावीत. आणि ज्या मुलींचे भाऊबहीण अजून कडेवर आहेत, त्यांनी सोमवारी त्यांना बरोबर घेऊन यावे. त्यांच्या दुपट्यांचे गाठोडेही आणावे. गाठोड्यावर नाव घालावे, आणि ते बोहारणीच्या नजरेस पडू देऊ नये.